रोजच्या मेलसाठी डेस्कटॉपवरच शॉर्टकट

रोज त्याच चौघांना तोच रिपोर्ट पाठवायचा तर आउटलूकचं टेम्प्लेट (मेलचा आयता नमुना) करा, हा सल्ला बरोबरच आहे. पण ते उघडायलाही चार क्लिक लागतात. त्यापेक्षा डेस्कटॉपवर राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट असं करा आणि लोकेशनच्या चौकटीत इंग्रजीत 'मेलटू' (mailto), विसर्गासारखा कोलन आणि पुढे पत्ता टाका. त्या आयकॉनवर डबल क्लिक केलं की पत्ता भरलेला नवा मेल उघडतो. पत्त्यानंतर प्रश्नचिन्ह देऊन 'सब्जेक्ट' (subject), बरोबरचं चिन्ह (=) आणि विषय लिहिला की तोही आयता भरून येतो. विषयात रिकामी जागा हवी तिथे %20 लिहायचं, आणि सीसी (प्रत कुणाला जायची तो पत्ता) जोडायचं तर मध्ये अँडचं चिन्ह (&) देऊन तसंच 'सीसी' (cc), बरोबरचं चिन्ह आणि पत्ता. स्पेलिंग नीट बघा, नाहीतर विषय कोराच येतो.

मग त्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट की'च्या रकान्यात एखादं अक्षर दाबा. कंट्रोल-ऑल्ट आपोआप लागतं, म्हणजे त्या दोन्हींसोबत ते अक्षर दाबलं की मेल उघडतो. आयकॉन मात्र डेस्कटॉपवरून फोल्डरात हलवू नका, ही शॉर्टकट की चालेनाशी होते.

अटॅचमेंट यातून जात नाही, ती हातानेच जोडावी लागते. मला तर ते बरंच वाटतं, निदान पाठवण्याआधी फाइल कालची की आजची हे बघितलं जातं. जीमेल वापरणाऱ्यांनी आधी विंडोज आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये मेलच्या लिंक जीमेलमध्ये उघडतील असं करून घ्या.