वास्तुशांतीनंतर साठलेला रंगीत कागद, खोकी आणि ब्लाउज पीस : आखाजीच्या आहेरासाठी यातले काय वापरता येईल?

पिंप्राळ्याची सून, जळगाव

नमस्कार. मार्च महिन्यात आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली आणि रिवाजाप्रमाणे भिंतीवरची घड्याळे, काचेच्या पेल्यांचे संच आणि तसबिरी यांची रास जमली. भेटी उघडताना कागद फाडू नका, म्हणून मी भाच्यांच्या मागे लागले होते. त्याचे फळ असे की आज माझ्याकडे रंगीत कागदांची एक भरलेली गोणी, चिकटपट्ट्यांसकट निघालेल्या रिबिनी, लहानमोठी तीसेक खोकी आणि ओटीत आलेले बावीस ब्लाउज पीस आहेत. भंगारवाल्याने पुठ्ठा घेतला, पण चमकदार कागदाला त्याने हातही लावला नाही.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली आहे. दोघी नणंदा आणि त्यांची मुले चार दिवसांसाठी माहेरी येतील. साड्या, मुलांची खेळणी, एक पितळी डबा अशा एकंदर अकरा वस्तू द्यायच्या आहेत आणि त्या घरातल्याच सामानात बांधाव्यात असे मला वाटते. मात्र सासूबाईंचे म्हणणे असे की, वापरलेल्या कागदात गुंडाळलेला आहेर देणे म्हणजे माहेरवाशिणीला कमी लेखणे, आणि खरे सांगायचे तर त्यांचे मला अगदीच चुकीचे वाटत नाही. यातले काय ठेवावे, काय टाकावे, जुन्या कागदाच्या घड्या कशा घालवाव्यात आणि कोणाचे मन न दुखावता हे सारे कसे साधावे, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त कार्यानुभव शिक्षक, धुळे

ताई, सर्वप्रथम गोणी रिकामी करून कागदाचे दोन ढीग करा. प्रत्येक कागदाचा कोपरा मुठीत घट्ट चुरगाळा आणि मूठ उघडा. चुरगाळलेलाच राहिला तर तो खरा कागद समजावा. हळूहळू पुन्हा उलगडू लागला तर त्यात प्लास्टिकचा थर आहे, आणि चांदीसारखी चमक असेल तर त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामाही असतो. हे थर कागदापासून वेगळे करणे परवडत नाही, म्हणूनच भंगारवाला तो घेत नाही; त्यात त्याचा काही दोष नाही. हा चमकदार कागद पाणी तापवायच्या बंबात मात्र घालू नका. आपल्याकडे ती सवय फार आहे, आणि त्या धुरात प्लास्टिक जळत असते. त्यापेक्षा त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवा. साध्या कागदावर आडवी एक पट्टी लावली की तीच रिबिनीचे काम करते.

खऱ्या कागदाच्या घड्या इस्त्रीने जातात. कागद उलटा ठेवावा, वर सुती रुमाल पसरावा, इस्त्री सर्वात कमी उष्णतेवर ठेवावी आणि वाफ अजिबात वापरू नये. चिकटपट्टी ओढून काढली तर रंगाचा पापुद्रा तिच्याबरोबर निघतो. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा तिच्यावर अर्धा मिनिट धरली की गोंद मऊ होतो आणि पट्टी सावकाश सुटते. जेथे डाग राहीलच, तेथे कात्री लावून तुकडा लहान करणे बरे.

तुकडा लहान झाला म्हणून निराश होण्याचे कारण नाही. समजा, तुमच्याकडे दहा सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा एक डबा आहे. तो नेहमीसारखा सरळ गुंडाळायचा तर चारही बाजूंना वळसा घालण्यासाठी किमान 40 सेंटिमीटर लांबीचा कागद लागतो. तोच डबा चौरस कागदाच्या मधोमध तिरका ठेवा, म्हणजे डब्याच्या कडा कागदाच्या कोपऱ्यांकडे तोंड करून राहतील, आणि चारही कोपरे वर आणून मिळवा. गणिताने पाहिले तर यासाठी साधारण 28.3 सेंटिमीटर बाजूचा चौरस पुरतो, म्हणून प्रत्यक्षात 30 सेंटिमीटरचा तुकडा घेतला की काम होते. वर्गात हा प्रयोग करून दाखवला की सातवीची मुले आधी मला खोटे ठरवायची आणि नंतर घरी जाऊन आईला दाखवायची.

साठवणीविषयी एक सूचना. इस्त्री केलेले कागद पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांपर्यंत जातो, पत्र्याखाली त्याहून अधिक, आणि त्या उष्णतेत कागद ठिसूळ होतो, तर पट्टीचा उरलेला गोंद पाझरून शेजारचा कागद चिकटवून टाकतो. जुन्या दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्याभोवती किंवा कापडाच्या ठाणातून निघालेल्या पुठ्ठ्याच्या नळीवर कागद गुंडाळून कपाटात उभा ठेवावा.

भुसावळचा प्रवासी

एवढा खटाटोप कशासाठी? घरोघरी लग्नपत्रिकांचा ढीग पडलेला असतो. त्यांचा जाड कागद आहेराच्या पाकिटांसाठी उत्तम आहे. पाकीट करा, त्यात रोख घाला, वर एक रुपयाचे नाणे चिकटवा आणि मोकळे व्हा. पत्रिकेवरचा गणपती कापवत नाही, ही सर्वांची अडचण मला ठाऊक आहे. आमच्या घरी ते चित्र आधी काळजीपूर्वक कापून पाकिटाच्या दर्शनी बाजूस चिकटवतात, त्यामुळे ते केरातही जात नाही आणि पाकिटाला शोभाही येते.

आणखी एक सुचवतो. काचेच्या वस्तूंभोवती भरण्यासाठी कूलरच्या जाळीतले जुने गवत वापरता येईल. दर उन्हाळ्यात ते बदलावे लागते आणि फुकटच फेकले जाते.

शिवणकाम करणारी, अमळनेर

भुसावळचे दादा, पाकिटाची सूचना चांगली आहे, पण कूलरचे वापरलेले गवत कृपया कोणी भेटीत भरू नये. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार त्यावर पांढरे होऊन बसतात, त्याला कुबट वास येतो आणि हात लावला की भुसा झडतो. त्याऐवजी वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या कापून चुरगाळून भराव्यात. भरण खाण्याच्या वस्तूला लागणार असेल तर मात्र वर्तमानपत्रही नको, कारण छपाईची शाई अन्नाला लागते. तेथे कोरा कागद घ्यावा.

ताई, तुमच्या प्रश्नात मला सर्वांत मोलाचे वाटले ते बावीस ब्लाउज पीस. आपल्या सर्वांच्या कपाटात असे पीस असतात, ओटीतून येतात आणि ओटीतूनच पुढे जातात, आणि कधी कधी आपणच दिलेला पीस तीन वर्षांनी आपल्याच ओटीत परत येतो. हे पीस शिवण्याजोगे असतीलच असे नाही, पण बांधण्यासाठी त्यांच्यासारखे कापड नाही. पीस साधारण 80 सेंटिमीटर ते एक मीटर लांब असतो आणि त्याचा पन्हा 90 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तो जवळजवळ चौरसच असतो. जपानमध्ये अशा चौरस कापडात वस्तू बांधण्याच्या पद्धतीला फुरोशिकी म्हणतात. आपण त्यालाच बोचके म्हणतो आणि नाक मुरडतो.

अंदाज असा ठेवावा की वस्तूची लांबी कापडाच्या कर्णाच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावी. 90 सेंटिमीटरच्या चौरसाचा कर्ण सुमारे 127 सेंटिमीटर भरतो, तेव्हा 40 सेंटिमीटरपर्यंतचे साडीचे खोके त्यात सहज बसते. खोके तिरके ठेवून समोरचे दोन कोपरे त्यावर घडी घालून घ्यावेत आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांची गाठ मारावी. गाठ मारताना आधी उजवा पदर डाव्यावर आणि दुसऱ्या वेळी डावा पदर उजव्यावर घ्यावा. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतला तर गाठ आडवी न बसता वाकडी उभी राहते आणि सुटतेही. फिसकटणाऱ्या, गुळगुळीत साटिनच्या पिसाला ही काळजी विशेष घ्यावी लागते.

आता सासूबाईंच्या शंकेविषयी. माझ्या मते त्यांचे बरोबर आहे, आणि म्हणूनच सुवासिनीच्या वस्तूसाठी कोरा पीसच वापरावा. मग गुंडाळण जुने राहत नाही, तो आहेराचाच भाग होतो. साडी द्यायची आहे तर तिच्यावर शोभेल असा पीस निवडा. काळा आणि पांढरा वगळा, कोपऱ्यात हळदीकुंकवाचे बोट लावा. कोणाला काय सांगण्याची गरजच उरत नाही. मुलांच्या खेळण्यांना मात्र जुन्या सुती साडीचे कापड चालते. साडेपाच मीटर लांब आणि 110 सेंटिमीटर पन्ह्याच्या साडीतून 55 सेंटिमीटरचे वीस चौकोन निघू शकतात. प्रत्यक्षात चौदा-पंधराच हाती लागतात, कारण पायाशी घासणारा निऱ्यांचा काठ झिजलेला असतो. काठाच्या धडक्या पट्ट्या वेगळ्या काढून ठेवाव्यात. त्यांची बाजारातल्या रिबिनीपेक्षा देखणी गाठ येते. पॉलिएस्टरच्या रिबिनीचे सुटणारे टोक पेटत्या उदबत्तीने हलकेच टेकवले की वितळून बंद होते, पण सुती काठाला हा उपाय करू नका, तो जळेल.

खोक्यांबाबत एवढेच, की मिठाईची खोकी तेलकट असतात आणि त्यांचा वास कापडाला लागतो. चपलांची खोकी मजबूत असतात, परंतु कितीही सुंदर कागद चढवला तरी त्यात ओटीचे सामान ठेवावेसे कोणाला वाटेल? ती मुलांच्या रंगपेट्यांसाठी ठेवा.

केळीवाला, सावदा

सुतळी आणि रिबिनीला पर्याय म्हणून आमच्याकडचे सोपट सुचवतो. केळीचे झाड एकदाच घड देते. घड कापला की बुंध्याचे शेतात काही मोल राहत नाही, आणि त्याच्या बाहेरच्या वाळलेल्या सालींच्या पट्ट्या सहज निघतात. या पट्ट्या दहा-पंधरा मिनिटे पाण्यात भिजवल्या की मऊ होतात. हव्या त्या रुंदीला फाडून, पिळून बांधाव्यात. सुकल्यावर गाठ घट्ट बसते आणि तपकिरी रंगाला एक सुंदर चकाकी असते. आम्ही लहानपणी यानेच जांभळांचे द्रोण बांधत असू.

सावधगिरी एकच, पण मोठी. साल पूर्ण वाळलेलीच घ्यावी. ओल्या सालीच्या चिकाचा डाग कापडावरून जन्मात निघत नाही, हे आमच्या प्रत्येक सदऱ्यावरून दिसेल. ब्लाउज पिसाभोवती सोपट बांधायचे असेल तर भिजवलेली पट्टी आधी पांढऱ्या चिंधीवर दाबून पाहावी. रंग उमटला नाही तरच पुढे जावे.

निवृत्त कार्यानुभव शिक्षक, धुळे

एक भर घालतो. मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळले जाणारे पातळ प्लास्टिकचे आवरण तसेच सजावटीचे थर्माकोल यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. तुमच्या गोणीत ते असेल तर नव्या भेटीवर पुन्हा चढवू नका.

कागदी पिशव्या करायच्या असतील तर खळ घरीच शिजवा. एक वाटी मैद्याला चार ते पाच वाट्या पाणी, गुठळी मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावे आणि चिमूटभर तुरटी घालावी. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत असत. ते विषारी आहे, मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूत नको. पिशवीच्या तळाशी पुठ्ठ्याचा तुकडा घालावा आणि जेथे दोरी ओवायची, तेथे कागद दोनदा दुमडूनच भोक पाडावे, नाहीतर पहिल्याच वजनाला तो फाटतो.

पिंप्राळ्याची सून, जळगाव

सर्वांचे आभार. आखाजी पार पडली, म्हणून काय केले ते कळवते.

मूठ उघडून पाहिल्यावर गोणीतला अर्ध्याहून अधिक कागद प्लास्टिकचाच निघाला. मी अपेक्षेपेक्षा फारच कमी वाचवले होते. दोन्ही साड्या आणि पितळी डबा कोऱ्या पिसांत बांधले. डबा गोल असल्याने त्याची गाठ मात्र चार वेळा सोडावी लागली. अखेर अमळनेरच्या ताईंनी सांगितलेले उजवे-डावे सासूबाईंच्याच हाताने जमले, कारण पूर्वी शेतावर भाकरी बांधून नेताना त्या हीच गाठ मारत असत. त्यानंतर अपमानाचा विषय निघाला नाही. उलट धाकट्या नणंदेला कोणता रंग द्यायचा, यावरच दोन दिवस चर्चा चालली.

मुलांची आठ खेळणी होती. तीन साडीच्या चौकोनांत, तीन इस्त्री केलेल्या कागदात, दोन पिशव्यांत गेली. तिरके ठेवण्याची युक्ती मोठ्या भाच्याने माझ्याकडून दोनदा करवून घेतली आणि तरीही 30 सेंटिमीटर मोजायला पट्टी आणली. पिशव्यांच्या बाबतीत माझी चूक झाली. खळ मी एकदम तीन दिवसांची शिजवली, ती या उन्हात दुसऱ्याच सकाळी आंबली, आणि वाळत घातलेल्या पिशव्यांना मुंग्या लागल्या. पुन्हा अर्ध्या वाटीची ताजी खळ करून काम उरकले.

सोपट यंदा मिळाले नाही, पुढच्या खेपेस सावद्याच्या दादांकडून मागवीन. जूनमध्ये शाळा सुरू होतील तेव्हा भाच्यांच्या वह्या-पुस्तकांना कव्हरे घालायची आहेत आणि त्यासाठी उरलेला कागद फार पातळ आहे. जळगावात कोणाकडे मागील वर्षांच्या मोठ्या दिनदर्शिकांची जाड पाने पडून असतील तर कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, आणि बदल्यात खोकी हवी असतील तर अजून अठरा शिल्लक आहेत.