मदत हवी आहे : ट्रॉलरचा टेल शाफ्ट पहिल्यांदाच हातात आलाय

मंडळी, कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं लेथ वर्कशॉप आहे. आजवर पंपाचे आणि साखर कारखान्याचे शाफ्ट केले; समुद्राशी संबंध सुकट-बोंबलापुरता. आता पाहुण्यांच्या ओळखीनं रत्नागिरीहून मासेमारी ट्रॉलरचा टेल शाफ्ट, म्हणजे मागचा पंखा (प्रोपेलर) फिरवणारा दांडा आलाय. स्टेनलेस, ६५ मिमी, लांबी सव्वातीन मीटर.

ग्लँड पॅकिंग (शाफ्टभोवतीनं पाणी आत येऊ न देणारं) बसतं तिथं खोल चर पडलीय. त्याहून वाईट म्हणजे टेपरच्या (पंखा बसतो त्या निमुळत्या भागाच्या) जाड टोकाला, कीवे (चावीची खाच) संपतो तिथून केसासारखी चीर निघालीय. मालक म्हणतात, वेल्डिंग भरून टर्न करून द्या. माझं मन घेत नाही. पंखा बाहेर लोंबकळतो, त्यामुळं प्रत्येक फेऱ्याला तोच भाग एकदा ताणला, एकदा दाबला जातो, वर खारं पाणी. भरलेली चीर तिथंच परत उघडणार, आणि ती भर समुद्रात!

म्हणून नवाच करावा म्हणतोय. जुना टेपर १:१२ भरतो. पंख्याच्या बोअरला प्रुशियन ब्ल्यू (कुठं टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावून बघणार आहे, पण निळा किती टक्के लागला की तुम्ही पास करता? कीवेचं टोक चौकोनी न सोडता चमच्यासारखं वर उचलायचं, हे बरोबर ना?

मटेरियलचं कोडं सुटेना. पॅकिंगखाली पाणी साचून ३१६ स्टेनलेसलासुद्धा खड्डे पडतात. डुप्लेक्स (त्याहून गंजाला टिकणारं स्टेनलेस) घ्यावं का? आणि एवढ्या लांबीला स्टेडी (लेथवर शाफ्टला मधे द्यायचे आधार) किती लावता? रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडचं काम केलेलं कुणी असेल तर सांगा राव, बोट किनाऱ्यावर चढवून ठेवलीय.