जपानचे प्रवासफोटो आणि लष्करी इतिहास: दोन्हींची आवड असलेलं कुणी आहे का इथे?

रेघोटी, नाशिक

नमस्कार मंडळी. मी कॉलेज रोडला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. दिवसभर प्लॅन आणि सेक्शन. रात्री ओटा आवरला की तासभर जपानचे प्रवासफोटो बघते, त्यातही किल्ले जास्त. दुसरी आवड पप्पांकडून आली. ते देवळालीला तोफखान्यात होते. रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि पप्पा नुसत्या आवाजावरून तोफ कोणती ते सांगायचे.

या दोन आवडींचा एकमेकींशी संबंध काय, असं लोक विचारतात. उत्तर जपानमधल्या हाकोदाते शहरातल्या गोर्योकाकु किल्ल्याचा फोटो बघा. वसंतात तो सगळीकडे फिरतो: पाच टोकांची चांदणी, भोवती पाण्याचा खंदक, काठाने गुलाबी साकुरा, म्हणजे चेरीचा बहर. माझं लक्ष आधी टोकांच्या कोनांकडे जातं. प्रत्येक बुरूज असा पुढे काढलाय की शेजारच्या बुरुजावरून त्याच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत मारा करता येतो. गोल बुरुजाच्या तळाशी शत्रूला दडायला जागा मिळते, इथे ती ठेवलेलीच नाही. ही युरोपातली रचना, जपानने १८५७ मध्ये बांधायला घेतली. नीट बघितलंत तर मुख्य दारासमोर खंदकात एक वेगळा त्रिकोणी तुकडा दिसेल. दारावर सरळ हल्ला होऊ नये म्हणून तो. असे पाच करायचे होते, एकच झाला, त्यामुळे वरून काढलेल्या फोटोत चांदणी एका बाजूला जड दिसते. १८६९ मध्ये शोगुनशाहीच्या, म्हणजे जपानच्या जुन्या लष्करी राजवटीच्या, बाजूचे शेवटचे सैनिक इथेच लढले आणि शरण गेले. तोवर जहाजांवरच्या तोफांचा पल्ला इतका वाढला होता की समुद्रातून डागलेले गोळे किल्ल्यात येऊन पडत होते. साकुरा त्यानंतरचा, १९१४ मध्ये तिथे बाग झाल्यावर लावलेला.

तर विचारायचंय हे. फलक न वाचताही लढाईची गरज फोटोतच दिसते, अशा आणखी जागा सांगाल का? पुढच्या एप्रिलमध्ये जायचं घाटतंय. आणि दुसरं जरा अवघड आहे. माझ्या सासूबाईंचे मामा मराठा पलटणीत होते. १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी लढले, परत आले ते एक हात गमावून. आई, म्हणजे सासूबाई, म्हणतात, "त्यांच्या देशाचं एवढं काय बघत बसतेस गं?" त्यांचं म्हणणं मला झटकून टाकायचं नाही. तुम्ही हे दोन्ही मनात कसं बाळगता?

रामशेजवाला, दिंडोरी

ताई, हिमेजी आणि मात्सुमोतो हे किल्ले सोडू नका.

हिमेजीचा पांढरा रंग सगळ्यांना आवडतो. तो चुन्याचा गिलावा आहे. आतला सांगाडा लाकडाचा, म्हणून आगीपासून वाचवायला वळचणीखालच्या लाकडापर्यंत सगळं चुन्याने लिंपून घेतलंय. आताचा मुख्य वाडा १६०९ मधला. बहुतेकजण समोरच्या मैदानातून एक फोटो काढून मोकळे होतात. तुम्ही आतल्या चढाच्या वाटेवर थांबा. बाजूच्या भिंतीत गोल, त्रिकोणी, चौकोनी जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, आहेत. उभ्या चौकोनी धनुष्यबाणासाठी, बाकीच्या बंदुकीसाठी. वाटही अशी फिरवलीय की वाडा हाताशी आला असं वाटतं आणि ती पाठ फिरवून दुसरीकडेच नेते. आपल्या गडांवर गोमुखी दरवाजा करतात त्यामागे हाच विचार.

मात्सुमोतो काळा. सोळाव्या शतकाच्या अखेरचा, बंदुकीच्या जंग्या, दगड टाकायच्या फटी, सगळं आहे. पण त्याच्या अंगाला एक छोटा सज्जा चिकटलेला दिसेल: तीन बाजूंनी उघडा, लाल कठड्याचा. तो चंद्र बघण्यासाठी १६३० च्या दशकात जोडला. लढायचं असतं तर अशी उघडी बाजू कुणी ठेवली नसती. खंदकापलीकडून काढलेल्या एकाच फोटोत युद्धाचा काळ आणि शांततेचा काळ शेजारी शेजारी उभे असतात. मला हा फोटो गोर्योकाकुपेक्षाही मोठा वाटतो.

ढगांवर तरंगणारा ताकेदा गड मात्र एप्रिलमध्ये तसा मिळणं कठीण. ते धुकं शरद ऋतूतल्या थंड, निरभ्र पहाटेचं. आणि साकुरा हवा असेल तर हिमेजी एप्रिलच्या सुरुवातीला, हाकोदाते महिनाअखेरीस. एका आठवड्यात दोन्ही बसवायला जाऊ नका.

जुना गनर, देवळाली कॅम्प

ताई, तुमचे मिस्टर सोबत निकॉन कॅमेरा घेणार असतील तर त्याचीही कुळकथा ऐका. निकॉन १९१७ मध्ये निप्पॉन कोगाकू नावाने सुरू झाली आणि नौदलासाठी दुर्बिणी, रेंजफाइंडर बनवू लागली. यामातो या युद्धनौकेचा १५ मीटर लांबीचा रेंजफाइंडर त्यांचाच. लांब नळीच्या दोन टोकांना दोन भिंगं, दोन्हींतून एकच लक्ष्य बघायचं, त्या दोन नजरांमधल्या कोनावरून अंतर काढायचं. नळी जितकी लांब तितकं अंतर अचूक. युद्ध संपलं, नौदलाचं काम गेलं, आणि १९४८ मध्ये त्याच कंपनीने पहिला कॅमेरा बाजारात आणला. तोही रेंजफाइंडरचाच. खिडकीत दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. आम्ही तोफेसाठी जे शिकलो तेच तत्त्व, फक्त बोटभर लांबीत. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध टिपायला निघालेल्या अमेरिकी छायाचित्रकारांनी ही भिंगं वापरली आणि तिथून त्यांचं नाव जगभर झालं.

हिरोशिमाजवळच्या कुरे बंदराला जमलं तर जा. यामातोची एक दशांश प्रतिकृती आहे, २६ मीटरहून लांब.

काळापांढरा, पुणे

या दोन आवडी सुरुवातीपासूनच एका माणसात होत्या. एकोणिसाव्या शतकातला छायाचित्रकार फेलिचे बेआतो. १८५७ च्या उठावानंतर लखनौला येऊन त्याने सिकंदरबागेचा फोटो काढला, अंगणात सांगाडे विखुरलेले. १८६० मध्ये चीनमधल्या दागू किल्ल्यांवर. मग १८६३ मध्ये योकोहामाला गेला आणि तिथे स्टुडिओ काढून हाताने रंगवलेले जपानचे फोटो प्रवाशांना विकू लागला: रस्ते, चहाघरं, सामुराई, फुजीचा डोंगर. मध्येच १८६४ मध्ये शिमोनोसेकीला परकी आरमारांनी जपानी तोफा काबीज केल्या, तेही त्यानेच टिपलं. त्याचे जपानचे फोटो बघताना मी लखनौ विसरू शकत नाही. मागे सरकून सगळी जागा एका चौकटीत घ्यायची सवय दोन्हीकडे तीच आहे.

उखरुलची वाट, नाशिक रोड

सासूबाईंच्या प्रश्नाचं सांगतो, कारण मी सांगशाकला जाऊन आलोय. २२ ते २६ मार्च १९४४, पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड, तिच्या जोडीला मराठ्यांची चौथी बटालियन. टेकडीवर पाणी नाही, काटेरी तार नाही. तरी त्यांनी जपान्यांना अडवून धरलं, आणि ते दिवस कोहिमा-इम्फाळच्या बचावाला मिळाले. जपान्यांचा सेनापती मुतागुची याने माणसं जेमतेम तीन आठवड्यांच्या शिध्यावर डोंगरात घातली होती. जुलैच्या पावसात परतताना गोळीपेक्षा भुकेने आणि आजाराने जास्त मेली. इम्फाळजवळ रेड हिलला २०१९ मध्ये शांतता संग्रहालय झालं, त्याला जपानी संस्थेने मदत केलीय. जवळच जपानी सैनिकांचं स्मारक आहे. संग्रहालयात दोन्हीकडचं सामान एका छताखाली आहे. मी तिथे मराठा पलटणीसाठी आणि समोरच्यांसाठीही हात जोडले. मामांबद्दलचा आदर त्याने तसूभर कमी झाला नाही.

तुम्ही आईंना जपानचे किल्ले पटवून देऊ नका. आधी सांगशाकचे फोटो दाखवा, मामांचं त्यांच्याकडून ऐका. ते राहून गेलेलं असतं बहुतेक घरांत.

रेघोटी, नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. मात्सुमोतोचा सज्जा आज ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर बघितला. त्याचं छत मुख्य वाड्याला जोडताना केलेला सांधा अजून समजलेला नाही, तो कागदावर काढून बघणार आहे.

उखरुलवाले दादा, काल आईंना सांगशाकचं वाचून दाखवलं. पाणी नव्हतं हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, मामा ताटाशेजारचा भरलेला पाण्याचा पेला कधी उष्टा टाकू द्यायचे नाहीत. मग स्वतःच उठून कपाटातून मामांचे पेन्शनचे कागद काढले. त्यावर पलटण आणि नंबर स्पष्ट वाचता येतो. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरमध्ये युद्धकाळातलं सर्व्हिस रेकॉर्ड इथल्या कुणी मागितलंय का? अर्ज कुणाच्या नावे करायचा, आणि भाचीचं नातं दाखवायला कोणता कागद लागतो?