माईक समोर होता, पण खरं बोलता आलं नाही

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात तालुक्याच्या स्पर्धेत गिटार वाजवली, दुसरा नंबर आला. निवेदकानं माईक समोर धरून विचारलं, "कुठं शिकला रे?" मी म्हटलं, "मोबाईलवर पाहून."

ते खोटं होतं. आमच्या चर्चमधल्या सरांनी मला सातवीत असताना शिकवलं. बोटांची सालं निघायची तेव्हा ते खोबरेल लावून द्यायचे आणि उद्या ये म्हणायचे. आज आठ वर्षं मी रविवारच्या उपासनेत वाजवतो. तिथं साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, बोलावलं की लगेच उभा राहतो. चारचौघांत मात्र वाटलं, लोक म्हणतील हा प्रचाराला आला. घरी येऊन कापसाच्या गंजीजवळ बराच वेळ बसून होतो.

तेव्हापासून रॉकवाल्यांच्या मुलाखती पाहतोय. अमेरिकेचा रॉक गायक अ‍ॅलिस कूपर स्टेजवर डोळ्यांभोवती काळं फासतो, गळ्यात साप घेतो, गिलोटीनखाली (मुंडकं उडवायच्या यंत्राखाली) मान द्यायचं नाटक करतो. तोच माणूस ख्रिस्ती धर्मप्रचारकाच्या घरात वाढलेला. दारूनं त्याला पार पोखरलं होतं. ऐंशीच्या दशकात ती सुटली आणि तो ख्रिस्ताकडे परतला, हे तो सरळ सांगतो. फिनिक्स शहरात त्यानं पोरांसाठी केंद्र काढलंय, तिथं गिटार-ड्रम फुकट शिकवतात. ते ऐकलं आणि मला आमचे सरच आठवले. कॉर्न नावाच्या रॉक बँडचा गिटारवाला ब्रायन वेल्श 2005 मध्ये बँड सोडून गेला, यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतला आणि 2013 मध्ये परत त्याच बँडमध्ये आला. नशेत लहान मुलीकडे कसं दुर्लक्ष झालं, तेही तो लपवत नाही.

यांना चारचौघांत हे सगळं उघड बोलणं कसं जमतं? नाव मोठं आहे म्हणून?

जुना तबलजी (अचलपूर)

पाह्य बाबू, नाव मोठं असलं की सोपं राह्यते असं नाही. आयर्न मेडन या रॉक बँडचा ड्रमर निको मॅकब्रेन 1999 मध्ये ख्रिस्ती झाला. त्या बँडच्या 1982 च्या अल्बमचं नावच सैतानाच्या आकड्यावर, 666 वर! चर्चवाले विचारणार तू तिथं काय करतो, आणि बँडचे चाहते विचारणार तू चर्चमध्ये काय करतो. तरी त्यानं 2024 पर्यंत दौरे केले आणि विश्वासाबद्दलही बोलत राह्यला.

मी या लोकायच्या मुलाखती ध्यान देऊन ऐकल्या आहेत. ते उपदेशापासून सुरू करत नाहीत. आपल्यावर काय बितलं, तिथून सुरू करतात. तुझ्यापाशीही तेच होतं ना? खोबरेल तेलाची गोष्ट! तेवढी सांगितली असती तर तिले कोणी प्रचार म्हटलं नसतं.

अजून एक. गिटार आपली नाही म्हणून मनात कमीपणा ठेवू नको. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि उपासनेत अभंग-भजन-कीर्तन आणलं. मी आमच्या चर्चात टिळकांच्या भजनांवर चाळीस वर्षं तबला वाजवला. वाद्य कुठलंही असो, हात खरा पाहिजे.

सिस्टरताई (वाशीम)

काकांचं पटतं, पण भाऊ, स्वतःला इतकं टोचून घेऊ नकोस. अमेरिकेचा गायक बॉब डिलन, त्यानं 1979 पासून दोन-तीन वर्षं उघड ख्रिस्ती गाणी केली, स्टेजवरून उपदेशही केला, आणि त्याचेच चाहते नाराज झाले. प्रत्येकाला माईकवर बोलता येतंच असं नाही. मी रात्रपाळीत वॉर्डात असते. तिथं मी प्रार्थना मनातच करते. एखाद्या म्हातारीनं हात धरून विचारलं, तू कंटाळत कशी नाहीस, तरच सांगते.

मला खटकली ती दुसरी गोष्ट. येशूचं नाव राहिलं ते राहिलं, सरांचं नावही राहिलं. आधी त्यांच्याकडे जा.

पऱ्हाटीवाला

ताई, काल संध्याकाळी गेलो होतो. सर अंगणात तुरी पाखडत होते. सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, सूप खाली ठेवलं, आत गेले आणि त्यांची जुनी गिटार घेऊन आले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघांनी वाजवलं.

पुढच्या स्पर्धेच्या फॉर्मवर "कुणाकडे शिकलात" असा रकाना आहे. त्यात सरांचं नाव लिहिलं, खाली चर्चचंही.

सरांच्या गिटारची तिसरी तार पार गंजली आहे. यवतमाळात चांगल्या तारा कुठं मिळतील, कुणाला माहीत असेल तर सांगा.