इटलीतनं स्कूटर आणायची आहे, मदत हवी आहे

भावांनो, मेहुणा इटलीत असतोय, त्याच्याकडं एक व्हेस्पा आहे 2 वर्षं जुनी, म्हणतोय तू घेऊन जा फुकट. फुकट ऐकून मी लगेच हो म्हटलं, पण चौकशी सुरू केली आणि डोकंच गरगराय लागलं. जुनी गाडी बनल्यापासनं 3 वर्षांच्या आत पाहिजे म्हणे आणि उतरवायची ती फक्त मुंबई बंदरातनंच, म्हणजे कागदं करण्यात टाईमपास झाला की गाडीच बाद. त्यात ड्युटी नुसत्या किमतीवर नाही, जहाजाचं भाडं आणि विमा धरून जी रक्कम होईल तिच्यावर, आणि ड्युटी लागली की त्या सगळ्यावर परत जीएसटी. करावर कर, नाद खुळा!

आता मला विचारायचंय की फुकट मिळालेल्या गाडीची किंमत कस्टमवाले कशावरनं धरतात? मेहुण्याकडं जुनं बिल आहे, ते चालंल का? आणि पुण्याला एआरएआयमध्ये (गाड्या तपासणारी संस्था) टेस्टिंग करावं लागतं का, का तिकडच्या कागदावर भागतं? कस्टममधनं माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटाला फोन केला तर आधी ॲडव्हान्स टाका मग बोलू, असलं उत्तर.

उद्यमनगरातला आमचा मिस्त्री म्हणतोय खोलून पार्ट म्हणून आणा, मी जोडून देतो. जोडंल हो तो, पण एमएच 09 ची पाटी कोण देणार? कुणी स्वतः आणली असंल तर घरात येईपर्यंत एकूण खर्च किती झाला तेवढं सांगा, बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही.