मदत हवी आहे : बाबांच्या लॅपटॉपवर व्हायरसची लाल स्क्रीन आली, त्यांनी त्या नंबरवर फोन केला, आता काय करू?

मिरजेची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण डोकं चालत नाहीये म्हणून सगळं जसंच्या तसं सांगते. कुणाला माहीत असेल तर प्लीज लवकर सांगा.

आईबाबा मिरजेला, मी ठाण्यात. बाबा ७१ वर्षांचे, रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. माझा जुना लॅपटॉप लॉकडाऊनमध्ये त्यांना दिला, त्यावर पेपर वाचतात, भजनं ऐकतात, बँकेचं बघतात. नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला, तर यंदा बँकेत रांग नको, घरूनच करू म्हणून सोमवारी त्यांनी गूगलवर शोधलं आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर क्लिक केलं. तिथे मोठं हिरवं डाउनलोडचं बटण होतं, ते दाबलं आणि अख्खी स्क्रीनच बदलली. वर विंडोज डिफेंडरचं (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) नाव, लाल चौकटीत ट्रोजन सापडलाय, कॉम्प्युटर लॉक केलाय, बंद केलात तर सगळा डेटा जाईल, आणि खाली टोल फ्री नंबर. सायरन वाजायला लागला आणि एक बाई इंग्रजीत तेच तेच बोलत राहिली. माऊसचा बाण दिसेना, बंद करायची फुली सापडेना. आईने घाबरून प्लग ओढून काढला तर बॅटरीवर चालूच!

बाबांनी त्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस हिंदीत खूप अदबीने बोलला, मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय म्हणाला, एनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्रॅम) टाकायला लावलं आणि त्यात आलेला आकडा वाचून दाखवायला लावला. मग तो स्वतःच माऊस फिरवायला लागला. लाल फुल्यांची एक भलीमोठी यादी दाखवली, काळ्या खिडकीत सरसर अक्षरं पळवली, म्हणाला बघा साहेब किती हॅकर आत शिरलेत. तीन वर्षांच्या सिक्युरिटीचे म्हणून ८,४९९ रुपये डेबिट कार्डाने भरून घेतले. एवढ्यावर थांबला नाही, बँकेत पण हॅकर शिरलेत का बघू म्हणून नेट बँकिंग उघडायला लावलं. बाबांनी पासवर्ड टाकला आणि स्क्रीन काळी झाली.

बाबांचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. ओटीपीचा मेसेज आला तो आईने वाचला आणि तिथूनच ओरडली, "अहो, हे बेनिफिशियरी ॲड म्हणजे कोणाला घालताय खात्यात?" तेव्हा बाबांनी फोन ठेवला आणि लॅपटॉप मिटला. ओटीपी दिला नाही.

हे मला आज बुधवारी रात्री कळलं, तेही मी दाखल्याचं विचारायला फोन केला म्हणून. बाबा म्हणाले, "आयुष्यभर लाल दिसलं की थांबायचं आणि कंट्रोलला कळवायचं हेच केलं गं, इथेही तेच केलं." मला काही बोलताच आलं नाही. दोन दिवस नीट जेवले नाहीयेत.

तो माणूस वेगवेगळ्या नंबरवरून अजून फोन करतोय, उचलला नाहीत तर कॉम्प्युटर कायमचा लॉक करीन म्हणतो. माझे प्रश्न : लॅपटॉप परत वापरता येईल का? तो खरंच लॉक करू शकतो का? पैसे मिळतील का? आणि परत असं आलं तर बाबांनी नेमकं काय करायचं, कारण मी दरवेळी तिथे नसणार.

पाना_पक्कड_कोल्हापूर

ताई, बाकी सगळं नंतर, आधी हे करा. लॅपटॉप उघडू नका, उघडायचाच झाला तर घरचं वायफाय बंद करून. नेट नसेल तर तो बाहेरून काहीही करू शकत नाही, लॉक पण नाही. नेट बँकिंगचा पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदला, पण त्या लॅपटॉपवरून नाही, बाबांच्या फोनवरून. ईमेलचा पण बदला, कारण बाकी पासवर्ड ईमेलवरूनच रिसेट होतात. बँकेच्या चोवीस तासवाल्या नंबरवर कार्ड ब्लॉक करायला सांगा, आणि तो नंबर कार्डाच्या पाठीवरचा घ्या, गूगलवर शोधू नका, तिथेही खोटे नंबर बसलेले असतात. मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. रात्र झाली म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. हे झालं की इथे कळवा, लॅपटॉपचं मी सांगतो.

निवृत्त_कॅशियर

कोल्हापूरकरांनी सांगितलं ते अगदी बरोबर. ३१ वर्षं बँकेत काढली म्हणून दोन गोष्टी जोडतो.

बचत खातं बघाल, पण एफडी बघायला विसरू नका. नेट बँकिंगमधून एफडी मोडता येते आणि मोडलेली रक्कम बचत खात्यातच येऊन पडते, हे बऱ्याच ज्येष्ठांना माहीत नसतं. बेनिफिशियरीच्या यादीत, म्हणजे ज्यांना खात्यातून पैसे पाठवता येतात त्या यादीत, अनोळखी नाव आहे का तेही बघा.

दुसरं पैशाचं. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर बोजा नाही असं म्हटलंय. पण पासवर्ड किंवा ओटीपी ग्राहकानेच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. बाबांनी ८,४९९ स्वतः भरलेत, त्यामुळे ते परत येतीलच असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मात्र त्याच परिपत्रकाप्रमाणे कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी, म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लेखी हवा. फोनवर बोलणं झालं तरी उद्या शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्या, त्यात कार्ड व्यवहाराचा डिस्प्यूट, म्हणजे हा व्यवहार मान्य नाही, असं स्पष्ट लिहा.

आणि बाबांना रागावू नका, विनंती आहे. काउंटरवर मी माणसं बघितलीत, पंधरा पंधरा दिवसांनी आलेली, का तर मुलगा काय म्हणेल. तेवढ्या दिवसांत पैसे चार खाती फिरून निघून गेलेले असायचे. तुमच्या बाबांनी तीन दिवसांत तुम्हाला सांगितलं, आणि ओटीपी दिला नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.

मिरजेची_लेक

कार्ड ब्लॉक झालं. पासवर्ड बदलले, ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे बाबाच मला सांगत होते. १९३० वर तक्रार घेतली, नंबर मिळाला, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर उरलेली माहिती भरायला सांगितलीय, उद्या भरते. एफडी जागेवर आहे, यादीत नवीन नाव नाही. काका, मनापासून आभार, एफडी माझ्या डोक्यातच नव्हती.

पण बाबा अजून म्हणताहेत की काहीतरी व्हायरस असणारच, मी त्या लाल फुल्या डोळ्यांनी पाहिल्यात. हे त्यांना कसं पटवू?

पाना_पक्कड_कोल्हापूर

फुल्या खऱ्या आहेत, अर्थ खोटा आहे. १४ वर्षं दुकान आहे माझं, दर महिन्याला एकदोन मशीन अशी येतात म्हणून नीट सांगतो.

ती यादी म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, विंडोजची रोजनिशी. प्रिंटर सापडला नाही, अमुक सर्व्हिस उशिरा चालू झाली, एखादं अपडेट अर्धवट राहिलं, असलं सगळं त्यात एरर म्हणून लाल खुणेने लिहून ठेवलेलं असतं. काल बॉक्समधून काढलेल्या नव्या लॅपटॉपवर पण दिसतात. तुम्ही तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर टाइप करा, डावीकडे विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम उघडा, फोटो काढा आणि बाबांना पाठवा. म्हणावं बघा, माझ्यात पण आहेत.

काळ्या खिडकीत फाइलींची यादी पळवतात, म्हणतात स्कॅन चाललाय. किंवा नेटस्टॅट नावाची कमांड देतात, त्यात फॉरेन ॲड्रेस असा एक रकाना येतो आणि हे सांगतात की परदेशातून हॅकर जोडलेत. फॉरेन म्हणजे तिथे फक्त पलीकडच्या टोकाचा पत्ता, तुम्ही पेपर वाचत असाल तर त्या पेपरच्या सर्व्हरचा. अजून एक फार जुनी चलाखी म्हणजे ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक आकडा स्क्रीनवर काढायला लावतात आणि म्हणतात बघा, तुमच्या मशीनचा नंबर आमच्या रेकॉर्डमध्ये आहे, म्हणजे आम्ही खरेच. तो आकडा जगातल्या प्रत्येक विंडोजवर सारखाच असतो.

आता मूळ स्क्रीन. ते फक्त वेबपेज होतं ताई, एक साधं पान. आपण यूट्यूबचा व्हिडिओ मोठा करतो तेव्हा वरची पट्टी जाते ना, तसंच ते पान स्वतःला मोठं करून घेतं, बाण लपवतं आणि सायरनची ऑडिओ फाइल वाजवतं. पान उघडल्याने सहसा आत काही गेलेलं नसतं, जे गेलं ते फोन केल्यावर. कधी कधी पत्त्यात विंडोज डॉट नेट असंही दिसतं, कारण मायक्रोसॉफ्टची क्लाउडची जागा कुणीही भाड्याने घेऊ शकतं, त्यावर विसंबू नका. ओळखायची खूण एकच पुरे आहे : मायक्रोसॉफ्टच्या एरर किंवा वॉर्निंगमध्ये फोन नंबर कधीच नसतो. ते स्वतःच तसं सांगतात. नंबर दिसला की खोटं.

बंद करायचं तर एस्केप बटण दाबून धरा, नुसतं टिचकी मारून नाही, तीनचार सेकंद धरून ठेवायचं. पट्टी परत दिसली की फुली. नाही जमलं तर ऑल्ट आणि एफ ४. तेही नाही तर कंट्रोल ऑल्ट डिलीट, टास्क मॅनेजर, ब्राउझर निवडून एंड टास्क. आणि काहीच सुचलं नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, सेव्ह केलेला डेटा जात नाही. नंतर ब्राउझर उघडल्यावर मागची पानं रिस्टोअर करू का विचारेल, तिथे नाही म्हणायचं, नाहीतर तेच भूत परत.

तुमच्या लॅपटॉपला मात्र माझं सरळ मत, रिसेट मारा. एनीडेस्क वाईट नाही, मी स्वतः गिऱ्हाइकांसाठी वापरतो, पण त्यात परवानगी न विचारता आत यायचा पासवर्ड लावून ठेवता येतो आणि तो माणूस बराच वेळ आत होता. नेट बंद ठेवून फोटो पेनड्राइव्हवर काढा, फक्त फोटो आणि कागदपत्रं, प्रोग्रॅम नाही. मग सेटिंगमधून रिसेट धिस पीसी, सगळं काढून टाका वाला पर्याय.

जर्सीतली_सून

मी न्यू जर्सीहून, हे वाचून राहवलं नाही. पुढचा फोन काय येईल ते सांगते, कारण आमच्या शेजारच्या आजींना आला होता. काही आठवड्यांनी दुसराच माणूस फोन करतो, आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत द्यायचेत. पुन्हा स्क्रीन घेतात. रिफंडचा आकडा तुम्हालाच टाइप करायला लावतात आणि मध्येच स्वतः दोन शून्यं जास्त घालतात. मग बँकेच्या पानावर खरोखर जास्त रक्कम जमा झालेली दिसते! ती तुमच्याच सेव्हिंगमधून दुसऱ्या खात्यात सरकवलेली असते, किंवा पानावरचा आकडा ब्राउझरमध्ये नुसता बदललेला असतो. मग हा रडायला लागतो की माझी नोकरी जाईल, वरचे पैसे गिफ्ट कार्डाने परत द्या. आजी त्या माणसाची कीव येऊन दुकानात गेल्या होत्या, काउंटरवरच्या मुलीने थांबवलं म्हणून वाचल्या.

इथल्या एफबीआयच्या अहवालात २०२३ मध्ये टेक सपोर्टच्या फसवणुकीत ९२ कोटी डॉलरच्या वर गेलेत, आणि त्यातले बरेच साठीच्या पुढचे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सीबीआयने ऑपरेशन चक्र-२ मध्ये ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या होत्या, त्यातल्या काही केसेस मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून होत्या. म्हणजे हे एकट्या तुमच्या बाबांच्या भोळेपणाचं नाही हो, ऑफिस थाटून, माणसं शिकवून तयार करून चालतं हे. बाबांना हे वाचून दाखवा. रिफंडचा फोन आला तर ऐकूनसुद्धा घ्यायचं नाही.

मिरजेची_लेक

शनिवारी मिरजेला जाऊन आले, म्हणून उशीर.

लॅपटॉप रिसेट केला. त्याआधी ब्राउझरच्या नोटिफिकेशनची यादी बघितली तर त्यात तीन अनोळखी साइट्सना अलाऊ होतं. बाबा म्हणाले, कोपऱ्यात अधूनमधून व्हायरसचं यायचं, महिनाभर येतंय. म्हणजे सुरुवात तिथूनच झाली असणार बहुतेक. बघा म्हणून सांगते, कुणाच्या घरी ज्येष्ठ असतील तर ही यादी आजच उघडून बघा. साइट सेटिंग्जमध्ये असते.

मग पाना-पक्कड दादांनी सांगितलं तसं यूट्यूबवर भजन लावून मोठं केलं आणि बाबांना म्हटलं आता बाहेर या. पहिल्यांदा एस्केप टिचकीने दाबलं. मी म्हटलं, परत मोठं करा आणि यावेळी धरून ठेवा. मग ऑल्ट एफ ४. मग मी लॅपटॉप म्यूट कसा करायचा ते दाखवलं, कारण त्यांचं म्हणणं होतं की सायरनमुळेच काही सुचेना. सातआठ वेळा केलं. नंतर आईला हाक मारून त्यांनीच तिला शिकवलं, तिचा हात धरून, हे बटण, असं धरायचं. इव्हेंट व्ह्यूअरचा फोटो पण दाखवला, बराच वेळ चष्मा लावून बघत होते. म्हणाले, ही तर लॉगबुक आहे.

कार्डच्या डिस्प्यूटचं बँकेने अर्ज घेतला, उत्तर यायचंय. तो माणूस गुरुवारी एकदा आणि शुक्रवारी दोनदा वाजवून गेला, बाबांनी उचलला नाही. ते नंबर मी संचार साथीच्या चक्षूवर (फसव्या फोनची तक्रार करायची सरकारी सोय) टाकलेत.

आता एक राहिलंच, हयातीचा दाखला अजून झालेला नाही आणि बाबा म्हणतात लॅपटॉपवर मी करणार नाही. बँकेत रांगेत दोन तास त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. काय करू?

निवृत्त_कॅशियर

पोस्टमनला सांगा. पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे ते घरी येऊन बोटाचा ठसा नाहीतर चेहरा घेऊन डिजिटल दाखला करतात, ७० रुपये घेतात. आधार, पीपीओ नंबर (पेन्शनच्या ऑर्डरचा नंबर) आणि पेन्शनचं खातं तयार ठेवा. दाखला झाला की प्रमाण आयडीचा मेसेज येतो, तो जपून ठेवा. फोनवरून करायचं असेल तर जीवन प्रमाणचं चेहऱ्याचं ॲप आहे, पण ते जीवन प्रमाण डॉट गव्ह डॉट इनवरूनच घ्या, पत्ता स्वतः टाइप करून.

मिरजेची_लेक

आमच्या पोस्टमन काकांना बाबा चांगले ओळखतात, मंगळवारी बोलवलंय.