आईच्या गिन्या मोडायच्या आधी थोडं थांबा

नमस्कार मंडळी,

जरा घाईचा प्रश्न आहे म्हणून थेट आपल्या मंडळाच्या मेल लिस्टवरच टाकतेय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय नाशिकला, आणि ती म्हणतेय तुमच्या पैशाला हात लावायचा नाही, माझी डबी आहे. डबी म्हणजे देवघरातली पितळी, लाल फडक्यात बांधलेली, आजीकडून आईकडे आलेली, आत सोन्याची जुनी नाणी, चार गिन्या आणि तीन पुतळ्या, एका गिनीला कडी लावलेली आहे. भाऊ परवा सराफ बाजारात एका दुकानात घेऊन गेला तर त्यांनी सगळं एकत्रच काट्यावर टाकलं, दगडावर घासल्यासारखं केलं आणि म्हणाले वीस कॅरेट धरू, आटवताना जाणारी घट म्हणून पाच टक्के कापू, आत्ता देत असाल तर देऊन टाका उद्या भाव उतरेल. भावाला काही सुचेना, तो परत घेऊन आला हे बरंच झालं. आता योग्य किंमत कशी काढायची हे कोणी नीट सांगेल का? मी मेलबर्नला बसून फोनवरच सगळं करतेय.

– पंचवटीची माहेरवाशीण

---

अगं पोरी, परत आणलं ते फार छान केलं भावानं. आईंना आधी सांग की डबीला आता कोणी हात लावायचा नाही, आणि मुख्य म्हणजे नाणी घासायची नाहीत. देवघरातली नाणी म्हणजे दर लक्ष्मीपूजनाला चिंच नाहीतर भांड्यांची पावडर लावून लख्ख करायची सवय असते आपल्याकडे, मी आमच्या घरी पाहिलंय, नाण्यावरच्या घोड्याच्या पायांत कुंकू बसलेलं असायचं आणि आई ते ब्रशनं काढायची. त्यानं सोनं फारसं जात नाही पण वरची मूळ झळाळी जाते आणि नाण्याचा संग्राहक तिथेच किंमत पाडतो. कुंकू राहू दे.

आता मुद्दा असा की तुझ्याकडे प्रत्येक नाण्याच्या दोन किमती आहेत, एक सोन्याची आणि एक नाण्याची. सोन्याची किंमत म्हणजे जमीन, त्याच्या खाली कोणी मागितलं तर उठून यायचं. नाण्याची किंमत कधी त्याच्याएवढीच असते कधी बरीच वर. सराफानं सगळं एका मुशीत घातलं की दुसरी किंमत कायमची संपली, म्हणून आधी पहिली घरीच काढ.

गिनी म्हणजे आपण जिला गिनी म्हणतो ते खरं तर ब्रिटिश सॉव्हरिन, राजाछाप किंवा राणीछाप, मागे घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि पायाखाली अजगर. तिचं वजन ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम, व्यास साधारण २२ मिमी. हे टांकसाळीचं माप आहे, त्यामुळे खऱ्या गिनीला वीस कॅरेट धरू म्हणायला जागाच नाही. वापरून थोडी झीज होते, ब्रिटिशांच्या नियमाप्रमाणे ७.९४ ग्रॅमच्या खाली गेलेली गिनी चलनातून काढायची. भावाला ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा पॉकेट काटा आणायला सांग, स्वस्त मिळतो.

आणि तोळ्याचा घोळ सांभाळा. आजीच्या कागदावर तोळे लिहिलेले असतील तर ते जुने, ११.६६ ग्रॅमचे. आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा दहा ग्रॅम. सगळं ग्रॅममध्येच बोला.

घरी आणखी एक गोष्ट करता येते, मी स्वतः करून पाहिलीय. काट्यावर पाण्यानं भरलेला काचेचा छोटा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मग शिवणाच्या दोऱ्याला बांधलेलं नाणं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं धरायचं. काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याच्या आकारमानाएवढ्या पाण्याचा. खऱ्या गिनीला तो ०.४५ ग्रॅमच्या आसपास येतो. तेवढ्याच वजनाचं पितळ असतं तर ०.९ च्या वर जातो. दोरा पातळ घ्या, बुडबुडे बोटानं काढा, तीनदा करा. यानं नेमकं कॅरेट कळत नाही म्हणून ते काढणारं मशीन हवंच, पण सराफाच्या दारात जाताना हातात आपला आकडा असला की माणूस ताठ उभा राहतो.

मग बीआयएसच्या मान्यतेचं हॉलमार्किंग सेंटर गाठायचं, नाशिकला आहेत, किरकोळ फी घेऊन मशीनवर कॅरेट काढून लेखी देतात. नाणं कापायचं नाही, फक्त मशीन. प्रत्येक नाणं वेगळं तपासा हे मी दोनदा सांगतो कारण तुझ्या पुतळ्यांचं गणित अगदी वेगळं आहे. पुतळी मूळची व्हेनिसचं डुकाट, साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि जवळजवळ शुद्ध सोनं. एका बाजूला सेंट मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राजप्रमुख, त्या बाहुल्यांसारख्या आकृत्यांवरूनच आपण पुतळी म्हणायला लागलो. पण आपल्या सोनारांनी पुतळ्यांच्या माळेसाठी हजारो नकला पाडल्या, त्यांचं कॅरेट जसं सोनाराच्या मनात होतं तसं. त्यामुळे एखादी २३ च्या वर निघेल आणि शेजारची वीसचीही. त्या गिन्यांसोबत काट्यावर टाकल्या म्हणजे आईंचं नुकसान ठरलेलंच.

आता हिशोब. नुसत्या सोयीसाठी २४ कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला १,००,००० धरू. ७.९८ ग्रॅमची गिनी २२ कॅरेटनं ७.३१५ ग्रॅम शुद्ध, म्हणजे ७३,१५०. त्या दुकानदाराच्या वीस कॅरेट आणि पाच टक्के घटीनं तीच गिनी ६३,१७५. एका गिनीमागे दहा हजार, चौघींचे चाळीस हजार! त्या दिवशीचा भाव आयबीजेए या सराफांच्या संघटनेच्या दरावरून घ्या, तो जीएसटी न धरता असतो, दुकानाच्या पाटीवरचा कधी धरून असतो. घट मागितली तर कशाची ते विचारा. टाका असलेल्या कडीच्या नाण्याला घट समजू शकतो, सपाट स्वच्छ गिनीला कशाची?

दुसरी किंमत म्हणजे नाण्याची. दहापट भिंग घ्या आणि घोड्याच्या पायाखालची जमीन, सालाच्या अगदी वर, तिथे बारीक अक्षर आहे का बघा. एस म्हणजे सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ. जुन्या गिनीवर आय असेल तर मुंबई, आणि साल १९१८च असेल कारण मुंबईच्या टांकसाळीत सॉव्हरिन त्या एकाच वर्षी पडली, तरी बारा लाखांवर पाडल्या त्यामुळे ती काही दुर्मिळ नाही, थोडं जास्त मिळतं. उलट १९१७ची, खाली अक्षर नसलेली म्हणजे लंडनची, खरोखर दुर्मिळ, आणि म्हणून तिच्या नकलाही फार. त्याच वर्षीची सिडनी किंवा पर्थची मात्र साधी. आणि सेंट जॉर्जच्या जागी वेलबुट्टीत १५ रुपये आणि १९१८ असं इंग्रजीत लिहिलेलं निघालं तर ती गिनीच नाही, ती मुंबईची पंधरा रुपयांची मोहोर, वजन गिनीएवढंच पण किंमत वेगळीच, ती कुणालाही वजनावर देऊ नका.

एक जाता जाता. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. ती कुणी चांदी म्हणून आटवली असती तर त्या विजयाचा इतका सरळ पुरावा आपल्याला मिळालाच नसता. नाणी वाचायची डोळ्याला सवय व्हायला भावाला अंजनेरीला पाठव, तिथे १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, संग्रहालयही आहे, फोन करून जावं.

– नाशिकरोडचा काका

---

काकांनी सगळं सांगितलंच, एकच भर घालतो कारण मंडळातल्या दोघांनी मला खाजगीत विचारलं की आईची नाणी भारतातून येताना इकडे घेऊन येऊ का. कृपया नका आणू. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि ती खाजगी माणसानं भारताबाहेर नेता येत नाही, १९१८ची गिनी आता त्यात बसते. विकायचं तर तिथेच. आणि नाणी आईंची आहेत तर विक्री आईंच्याच नावानं, पॅन त्यांचा, पैसे त्यांच्याच खात्यात, पावती घेऊन. दोन लाख किंवा जास्त रोख घेताच येत नाही. नफ्यावर कर बसतो, दोन वर्षांवर ठेवलेल्या सोन्याला सध्या साडेबारा टक्के, पण वारशानं आलेलं सोनं आजीकडे २००१च्या आधीपासूनचं असेल तर १ एप्रिल २००१ची किंमत खरेदी म्हणून धरता येते. सीएला डबीची गोष्ट आधी सांगा, विकून झाल्यावर नको.

– पर्थचा दादा

---

काका, दादा, खूप खूप आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, आईचं ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालतेय.

भावानं काटा आणला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी व्हिडिओवर बघत असताना सातही नाणी एकेक करून तोलली. तीन गिन्या ७.९८, ७.९७, ७.९६. कडीची ८.३१, म्हणजे टाका आणि कडी मिळून तिसेक सेंटिग्रॅम. पेल्यातल्या पाण्यात साध्या तिन्ही ०.४५ किंवा ०.४६. दोऱ्याला लटकलेली गिनी पाण्यात गोल फिरत होती आणि आई म्हणाली सासूबाईंनी ही कधी हातात सुद्धा दिली नव्हती. हॉलमार्किंग सेंटरमध्ये गिन्या ९१.६ टक्के, म्हणजे २२ कॅरेटच्या आसपासच निघाल्या. पुतळ्या अगदी तुम्ही म्हणालात तशा, दोन ९७ टक्क्यांच्या वर आणि एक ८४! म्हणजे त्या दिवशी वीस कॅरेट धरून दिल्या असत्या तर दोन चांगल्या पुतळ्या फुकट गेल्या असत्या.

भिंगातून सालं बघितली. एक १९१२, खाली काही नाही. एक १९१८ आणि आय. कडीचीचं साल झिजलंय. आणि एक १९१५, भाऊ म्हणाला खाली एम दिसतोय, पुन्हा बघ म्हटलं, पुन्हा एमच. मी ज्या शहरात वीस वर्षं राहतेय तिथल्या टांकसाळीतली गिनी पंचवटीच्या देवघरात इतकी वर्षं पडून होती. काका, एक गिनी पंधरा रुपयांना चालायची म्हणून ऑस्ट्रेलियाची नाणीही आपल्याकडे आली असं तुम्ही नंतर फोनवर सांगितलंत, आईला ते सांगितलं तर तिनं ती गिनी चमच्यात घेऊन बराच वेळ बघितली.

कडीची आणि तीन पुतळ्या दुसऱ्या एका सराफाकडे दिल्या, मशीनचा कागद समोर ठेवून, प्रत्येकीचा वेगळा हिशोब, कडीला दोन टक्के घट, बाकी काही नाही, पैसे आईच्या खात्यात. १९१२ आणि आयची एका संग्राहकानं घेतली, सोन्यापेक्षा थोडं जास्त देऊन. ऑपरेशनचा खर्च भागला. एमची विकली नाही. ती लाल फडक्यात पुन्हा डबीत गेलीय, कुंकवासकट.

काटा आणि भिंग नाशिकलाच भावाकडे ठेवलंय. मंडळातलं कोणी दिवाळीला नाशिकला जाणार असेल आणि घरी अशी डबी असेल तर सांगा, तो घरी येऊन तोलून देईल.

– पंचवटीची माहेरवाशीण